डार्लीन घरी पोचेपर्यंत

आठल्येकाका दुपारचा डबा डार्लीन घरी पोचल्याशिवाय उघडत नसत. आम्ही सगळे जेवायला उठायचो. काका मात्र आपल्या खुर्चीतच, कानाला हेडफोन, डोळे अर्धवट मिटलेले. जेवणाच्या खोलीत कुणी जरा मोठ्याने हसलं की तिथूनच हात वर करायचे. "अरे हळू. पूल यायचाय अजून. अरुंद आहे." मग कधीतरी हेडफोन काढून ठेवायचे, "पोचली" म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

डार्लीन टेनेसीत राहायची. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या पाळीला कामाला होती. पाळी संपली की मध्यरात्री जुनी गाडी काढून एकटीच घरी निघायची, आणि तिथली मध्यरात्र म्हणजे आमच्या सिंगापूरची भर दुपार. नवरा सोडून गेलेला. डावा गुडघा दुखरा. घरी एक म्हातारा कुत्रा. हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. डार्लीन नावाची ही बाई जगात कुठेच नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचा धंदा जरा समजावून सांगायला हवा. अमेरिकेत लहान लहान गावांची रेडिओ स्टेशनं असतात. रात्री तिथे कुणी बसत नाही. दाराला कुलूप, आत दिवा, आणि एक कॉम्प्युटर गाण्यामागून गाणं वाजवत राहतो. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे कुणीतरी आधी ठरवून द्यावं लागतं. ते आमची कंपनी करायची. त्यांची रात्र म्हणजे आमचा दिवस, त्यामुळे हवापाणी, बातमी बघून आयत्या वेळी क्रम बदलताही यायचा. मी तिथे मॅनेजर. पुण्याहून आलेला, कायमचा रहिवासी झालेला, आणि आईला तिकडे एकटं ठेवल्याबद्दल रोज थोडा थोडा खजील होणारा. कागदोपत्री मी आठल्येकाकांचा साहेब होतो. प्रत्यक्षात ते मला "अरे सतीश" म्हणायचे आणि मी उठून उभा राहायचो.

काकांचं पूर्ण नाव मोरेश्वर. ऑफिसात ते 'अंकल मो'. त्यांच्याकडे टेनेसीतलं एक कंट्री स्टेशन होतं. कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी. ट्रक, कुत्रा, तुरुंग, व्हिस्की, आई आणि सोडून गेलेली बायको, एवढ्या सामानात सगळी गाणी होतात. काकांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि टेनेसी त्यांनी नकाशावरच पाहिलेलं. आधीचं सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेलं. उपग्रह आले, ती नोकरीच जगातून नाहीशी झाली, आणि काका शेवटचं जहाज ज्या बंदरात लागलं तिथेच, म्हणजे सिंगापुरात, राहिले. ही गाणी त्यांनी मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्यापासून लांब, रेडिओवर ऐकली होती.

"आपलीच गाणी रे ही," ते म्हणायचे. "बैलाऐवजी ट्रक आहे, एवढंच."

गाण्यांचा क्रम लावायची त्यांची पद्धत कुठल्याही पुस्तकात नव्हती. ते तास वाढायचे. ताट वाढतात तसा. तासाच्या सुरुवातीला वरणभात, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं, पचायला सोपं गाणं. मग पोळीभाजी, हल्लीची चालू गाणी. डावीकडे चटणी, कोशिंबीर: छोटी, झणझणीत, एकेकच. "चटणी वाटीभर वाढलीस तर पाहुणा उठून जाईल." मग एक गोड, म्हणजे डोळे भरून आणणारं गाणं. आणि शेवटी ताकभात, म्हणजे असं जुनं गाणं की माणूस शांत होऊन पानावरून उठावा. एकदा एका नव्या मुलाने लागोपाठ दोन रडकी गाणी लावली, तर काका त्याला म्हणाले, "टू स्वीट डिशेस? हू डाइड?"

त्यांची शेजारीण स्यू लिंग. तिच्याकडे कॅनडातलं एक स्टेशन होतं. ती पहिल्यांदा हसायची. "अंकल मो, शी रीच होम ऑलरेडी ऑर नॉट? आय हंग्री, लाह!"

"नॉट येट. यू ईट."

आता डार्लीन कुठून आली ते सांगतो. या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. सगळ्यांसाठी गाणी लावली तर ती कुणालाच लागत नाहीत, म्हणून प्रत्येक स्टेशनसाठी एक ऐकणारा माणूस मनाने बनवायचा. त्याचं नाव, वय, नोकरी ठरवायची आणि फक्त त्याच्यासाठी क्रम लावायचा. आम्ही सगळ्यांनीच असे बनवले होते. स्यू लिंगचा कुणी एक डग होता, त्याला बर्फातली मासेमारी आवडायची. एकदा ठरवलं की आम्ही त्यांना विसरून जायचो. काका विसरले नाहीत.

"ऐकणारा एकच असतो रे," हे त्यांचं पालुपद. "बाकीचे सगळे चोरून ऐकतात."

आमचं ऑफिस नोव्हेनाला, हॉस्पिटलांच्या गर्दीत. एक दिवस काका जेवणानंतर दोन तास गायब. आल्यावर मला म्हणाले, "त्या देशपांडे डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. थकवा येतो, केस गळतात, वजन वाढतंय, वय तेहतीस, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, थायरॉइड असेल, पेशंटला घेऊन या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ती रात्रपाळीला असते, यायला जमणार नाही." खुर्चीत बसत ते पुढे म्हणाले, "फी घेतली त्यांनी. घ्यायलाच हवी. हे बघ, या महिन्यात संथ गाणी कमी करू या. मरगळ आहे तिला, आणखी वाढेल."

मी ही गोष्ट घरी सांगितली. माझी बायको अनघा हसून हसून बेजार झाली. "अरे, पण डॉक्टरांना पेशंटचं नाव काय सांगितलं असेल? डार्लीन मोरेश्वर आठल्ये?" मीही हसलो, आणि मग झोपताना वाटलं, हसायला नको होतं.

पण खरी गंमत, गंमत म्हणायची तर, ही की काकांचं स्टेशन तुफान चालायला लागलं. आसपासच्या तीन जिल्ह्यांत रात्री तेच लागायचं. जाहिराती वाढल्या. स्टेशनला फोनचं एक यंत्र होतं. रात्री कुणी फोन केला की निरोप त्यात साठायचा आणि सकाळी आमच्याकडे यायचा. तिथे बायकांचे निरोप येऊ लागले. मी ते ऐकायचो. 'मी घरी पोचले तरी गाडीतच बसून राहिले.' 'माझं आज भांडण झालं, हे तुम्हाला कसं कळलं?' आवाज वेगवेगळे, थकलेले, आणि शेवटी बहुतेकींचा एकच प्रश्न: तिथे कोण बसलंय?

तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. एक कुलूपबंद खोली होती. आणि इथे, हॉस्पिटलांच्या सावलीत, एक वरणभात जेवणारा माणूस जिच्यासाठी गाणी लावत होता, तीही नव्हती. दोन्ही टोकांना कुणी नाही, आणि मधल्या अंधारात गावोगावच्या बायका ऐकतायत. हे एकदा मनात आल्यावर मला ते निरोप एकट्याने ऐकवेनात.

मग ती धुक्याची दुपार आली. तिथे नदीकाठी दाट धुकं पडल्याची बातमी होती. काकांनी सगळी वेगवान गाणी काढून टाकली. "तिचा पाय जड होईल ॲक्सिलरेटरवर." आमच्या खिडकीबाहेर रखरखीत ऊन, समोरच्या इमारतीच्या काचा डोळ्यांवर येत होत्या. काका मान एका बाजूला कलती करून बसले. रोजची वेळ टळून गेली. स्यू लिंगने विचारलं, "अंकल?"

"नॉट येट."

थोड्या वेळाने तिने परत विचारलं. या खेपेला आवाजात हसू नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं, तर कुणीच जेवायला उठलेलं नव्हतं. एसीची घरघर तेवढी चालू होती. आणि मी स्वतः, शपथेवर सांगतो, पुलापासून तिच्या घरापर्यंत किती वळणं आहेत ते आठवत होतो. जी वळणं काकांनी बनवलेली होती.

"पोचली," काका म्हणाले.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग कुणी कुणाकडे पाहीना. "अय्यो," स्यू लिंग हळूच म्हणाली, "जस्ट नाऊ आय व्हेरी स्केअर्ड, यू नो." त्या दिवसानंतर तिने चेष्टा सोडली.

दरवर्षी श्रावणात एका दिवशी काका रव्याचे लाडू आणायचे, स्वतः वळलेले, थोडे कडक. पहिल्या वर्षी सगळ्यांनी 'हॅपी बर्थडे, अंकल' केलं. "नॉट माइन," काका म्हणाले आणि डबा पुढे सरकवला. कुणाचा, ते आम्ही विचारलं नाही. लाडू फोडण्यातच आमचं लक्ष होतं.

गाडं अडलं ते केविनमुळे. टेनेसीतलं स्टेशन नव्या मालकाने घेतलं आणि त्याने केविन नावाचा तरुण साहेब नेमला. सालस पोरगा. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्याने काकांचं तोंड भरून कौतुक केलं. मग समोरचा कागद बघत म्हणाला, "मो, डार्लीनचं वय इथे पस्तीस दिसतंय."

"हो."

"सुरुवातीला एकतीस होतं."

"हो."

"का बदललं?"

काकांना प्रश्नच कळला नाही. ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "का म्हणजे? वाढदिवस होतात ना."

मी ते इंग्रजीत सांगितलं. केविन हसला. आम्ही हसत नाही असं बघून थांबला. मग त्याने शांतपणे समजावलं. जाहिरातवाल्यांना तिशीच्या आतबाहेरची बाई हवी असते. गाणी तिच्यासाठी लागतात. काकांची डार्लीन दरवर्षी एका वर्षाने मोठी होत होती, आणि तिच्याबरोबर गाणीही हळूहळू जुनी, निबर होत चालली होती. आणखी काही वर्षांनी स्टेशन म्हाताऱ्यांचं झालं असतं. "डग बघा, डग अजून चाळीसच आहे," मी मध्येच म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. केविन म्हणाला, "तिला परत एकतीस करा, मो. आणि तिथेच ठेवा."

"नो, सर," काका म्हणाले.

जहाजावर कप्तानाला म्हणावं तसं म्हणाले. केविनने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. नाहीतर काम दुसऱ्या कंपनीला. तसं झालं तर काकांची खुर्ची जाणार होती, डार्लीनही जाणार होती, आणि काकांना समजावून सांगणं हे माझं काम होतं.

मी यिशुनला त्यांच्या घरी गेलो. रविवारची दुपार. सरकारी इमारतीतला त्यांचा फ्लॅट मी पहिल्यांदाच बघत होतो. इतकी वर्षं एका माणसाबरोबर काम करायचं आणि त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, हे मला जिना चढताना सुचावं, यातच सगळं आलं. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. घर लखलखीत, आणि सगळं बांधलेलं. कपाटाच्या दारांना दोऱ्या, कपबश्यांपुढे लाकडी पट्टी, टेबलाच्या कडांना उंच काठ. जमीन कधीही कलंडेल अशा तयारीने माणूस राहत होता.

मी पाठ केलेली वाक्यं काढली. ती एक कल्पना आहे, काका. साधन आहे. वय म्हणजे नुसता आकडा. काकांनी चहा दिला, ऐकून घेतलं.

"निरोप कसा घेतात माहीत आहे तुला?" ते म्हणाले. "मोर्समध्ये?"

"नाही."

"एकेक अक्षर येतं. ते नुसतं उतरवायचं. अर्थ लावायचा नाही. अर्थ लावत बसलास तर पुढचं अक्षर सुटतं. मी चांगला ऑपरेटर होतो, माझं अक्षर सुटायचं नाही." त्यांनी कप काठाच्या आत सरकवला. "आखातात होतो. घरून निरोप आला, कंपनीमार्फत. तो मीच घेतला. जहाजावर दुसरं कोण घेणार? सबंध उतरवला. निरोप मिळाल्याची खूण परत पाठवली. मग वाचला. आमची बबी गेली होती. ताप डोक्यात गेला. चौथं चालू होतं तिला."

मला त्यांना मूल होतं हेही माहीत नव्हतं.

"दोन सुट्ट्यांत पाहिली मी तिला. दुसऱ्या सुट्टीत ओळखायला लागली होती." पुढे म्हणाले, "मग रिसीव्हर फिरवत बसलो. काम नव्हतं. एक स्टेशन लागलं. कुणी बाई गात होती, रस्ता, घर, असलंच काहीतरी. ज्याने ती गाणी लावली होती त्याला मी ऐकतोय हे कुठे माहीत? पण असं एकामागून एक लावत होता रे, कुणाला तरी हाताला धरून घरी नेऊन सोडावं तसं. उजाडेपर्यंत ऐकलं."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"कंपनीने सांगितलं, बाई बनवा. नाव डार्लीन ठेवलं, तिकडचं हवं म्हणून. वय हाताला आलं ते लिहिलं. लिहून झाल्यावर बघतो, तर बबीचं. म्हणजे असती तर." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आता मला सांग, सतीश. एकदा ते वय थांबलेलं आहे. तेव्हा मी तिथे नव्हतो. आता परत थांबवायचं, आणि ते माझ्या हाताने?"

मी चहा संपवला. पाठ केलेल्यातलं एकही वाक्य उरलं नव्हतं. वुडलँड्सला घरी जाताना मेट्रोत समोर एक बाई बसली होती, इथलीच कुणीतरी, कामावरून परतणारी, पिशवीवर मान टाकून झोपलेली. ती उतरेपर्यंत मी तिच्याकडे बघायचं टाळत राहिलो.

मी केविनशी भांडायचं ठरवलं. काय भांडणार होतो, देव जाणे. पण चार दिवसांनी काकाच माझ्या टेबलापाशी आले.

"त्या पोराचं चूक नाही," ते म्हणाले. "रेडिओला तिशीतलीच बाई लागते. मी रेडिओची बाई आणि घरची मुलगी एका पानात वाढली. चूक माझी. तू भांडू नकोस, तुला संसार आहे. पण एकतीस मी करणार नाही. मोठ्या झालेल्या मुलीला कुणी परत लहान करत नाही."

"मग?"

"मग काय करतात मोठ्या झालेल्या मुलीचं? पाठवणी करतात." त्यांनी घसा खाकरला. "तिला कुणी चांगला माणूस भेटलाय असं धर. तिथलाच, सुतारकाम करतो. दुसरीकडे राहायला जाते. नव्या बाईसाठी सोमवारपासून लावू. अनघाला शनिवारी दुपारी वेळ आहे का रे? ओटी भरायला बाई लागते. मला येत नाही."

अनघाला मी सगळं सांगितलं होतं. तरीही तिने टेक्क्याच्या बाजारातून नारळ घेताना विचारलंच, "आहेर काय करायचा? डॉलरमध्ये?" आणि शनिवारी काकांच्या दारातून आत जाता जाता, "काका, शनिवारी पाठवणी करत नाहीत हां."

"तिकडे शुक्रवार आहे," काका म्हणाले.

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, खांद्यावर उपरणं. खोलीच्या मधोमध टेबलावर जुना लाकडी स्पीकर. त्यातून टेनेसीतली ती कुलूपबंद खोली वाजत होती. बाहेर ऊन इतकं की समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा पांढरे दिसत होते. आत तिघंजण उभे, बसावं की नाही कुणालाच कळत नव्हतं.

"आता निघाली," काका म्हणाले. एक गाणं सुरू झालं.

अनघाने ताट पुढे घेतलं. तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकू. आणि ती थांबली. "काका, कुणाला लावू?"

काका गोंधळले. त्यांनी याचा विचारच केला नव्हता. तिचा थायरॉइड, तिचा पूल, तिच्या कुत्र्याचं वय, सगळं त्यांना माहीत होतं. "दिसते कशी ते मला माहीत नाही ग," ते म्हणाले. "ऐकणारी आहे ती. मी कधी पाहिली नाही." मग फार संकोचाने त्यांनी स्पीकरकडे बोट केलं.

माझी बायको, जी दारापर्यंत चेष्टा करत आली होती, ती दोन पावलं पुढे झाली. करंगळीशेजारच्या बोटाने तिने स्पीकरच्या लाकडावर हळद लावली, मग कुंकू. लाकूड आतल्या गाण्याने थरथरत होतं. तिचं बोट क्षणभर तिथेच राहिलं. नंतर ती म्हणाली, बोटाला ते लाकूड ऊन लागलं. कपाळासारखं.

"ओटी तुम्ही घ्या, काका," ती म्हणाली. "तिच्या वतीने. उपरणं धरा."

त्यांनी उपरणं पसरून दोन्ही हातांनी धरलं, बाईने पदर धरावा तसं. अनघाने ओंजळीने तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. नारळाच्या वजनाने काकांचे हात थोडे खाली गेले. त्या तासात चटणी नव्हती, कोशिंबीर नव्हती, मला त्यांच्या पद्धतीतलं काहीच ओळखू येईना. एकामागून एक गाणी येत राहिली, पुढचं मागच्याला हात देतंय अशी. काका ते भरलेलं उपरणं तसंच धरून शेवटपर्यंत उभे होते. तास संपला, जाहिरात लागली. काकांनी स्पीकर बंद केला.

सोमवारी ते वेळेवर आले. म्हणाले, "नवी बाई तिशीची. नोकरी कापडाच्या दुकानात. नाव तू ठेव, मला जमणार नाही."

त्याच दिवशी केविनचा निरोप आला. त्याला ते जाहिरातींशिवायचं लांबलचक सत्र फारसं पसंत पडलं नव्हतं, पण तो रागावलाही नव्हता. सोबत फोनच्या यंत्रातलं एक ध्वनिमुद्रण जोडलं होतं. शुक्रवारी रात्री, त्याच तासात, कुणीतरी फोन केला होता. 'बोलत कुणीच नाही,' केविनने लिहिलं होतं. 'चुकून लागला असेल. पण ठेवलाही नाही लवकर. तुम्ही बघा.'

मी आधी एकट्याने ऐकलं. लांबून आमचंच गाणं ऐकू येत होतं. बाकी काही नाही. एक बारीक टक टक होती, यंत्राचीच असेल. बोलणं नाही, श्वास नाही. मग फोन बंद.

देऊ की नको, असं करत मी अखेर हेडफोन काकांच्या हातात दिले. काय आहे ते सांगितलं. त्यांनी ते कानाला लावले, डोळे मिटले, मान कलती केली आणि उजव्या हाताची बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळली. संपल्यावर परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. स्यू लिंग काम थांबवून आमच्याकडे बघत होती.

"गाडी उभी आहे," काका म्हणाले. "काच खाली आहे, रातकिडे ऐकू येतात. ती टक टक इंडिकेटरची आहे."

"म्हणजे?"

"वळणार आहे."

"कुठे?"

"ते आवाजावरून नाही कळत." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पण बघ ना. रस्त्यावर मागे-पुढे एक गाडी नाही, चिटपाखरू नाही. तरी इंडिकेटर देतेय." आणि थोड्या वेळाने, मुलीचं कौतुक परक्यापुढे करू नये तरी करावंसं वाटतं तशा आवाजात, "चांगली चालवते हं."